झाडाला चुंबक कळतो का?

कुंडीतल्या मातीत तांब्याच्या तारेचं वेटोळं रोवलेलं, बुंध्याशी दोन चकतीसारखे चुंबक ठेवलेले, आणि पुढच्याच दृश्यात तेच रोप हातभर उंच झालेलं. गेल्या काही वर्षांत अशा चित्रफितींचं पेव फुटलं आहे. बघणाऱ्यांचे लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, हे विज्ञानाने सिद्ध झालंय. दुसरा म्हणतो, निव्वळ थोतांड.

खरी पंचाईत अशी, की दोघांच्याही पदरात थोडं थोडं खरं आहे. चुंबकाचा वनस्पतींवर परिणाम होऊ शकतो, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. आणि तरीही कुंडीशेजारच्या त्या चकत्यांमुळे रोप वाढलं, असं म्हणायला काही आधार नाही. ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी कशी, हे समजायचं तर आधी चुंबकाचा जोर मोजायला शिकलं पाहिजे. सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

## जोर किती, आणि तो पोचतो कुठवर?

चुंबकाभोवती ज्या टापूत त्याचा जोर जाणवतो, त्याला चुंबकीय क्षेत्र म्हणतात. हा जोर टेस्ला या एककात मोजतात. टेस्ला हे फार मोठं माप आहे, म्हणून रोजच्या व्यवहारात त्याचा हजारावा भाग (मिलिटेस्ला) किंवा दहा लाखावा भाग (मायक्रोटेस्ला) वापरतात.

पृथ्वी स्वतःच एक चुंबक आहे. जमिनीवर तिचा जोर ठिकाणानुसार २५ ते ६५ मायक्रोटेस्ला भरतो. जगातलं प्रत्येक झाड जन्मापासून या जोरातच उभं आहे, म्हणजे चुंबकीय क्षेत्र झाडाला नवीन नाही. फ्रिजच्या दारावर चिकटवायचा साधा चुंबक अगदी टेकून मोजला तर काही मिलिटेस्ला भरतो, पृथ्वीच्या साधारण शंभरपट. रुग्णालयातल्या एमआरआय यंत्राचा जोर १.५ किंवा ३ टेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या कित्येक हजारपट.

हे आकडे ऐकून फ्रिजवरचा चुंबकही बलाढ्य वाटू लागतो. पण तो जोर फक्त चुंबकाला टेकून असतो. चुंबकाच्या आकाराच्या मानाने जरा लांब गेलं, की अंतर दुप्पट होताच जोर एक अष्टमांश होतो. अंतर चौपट, तर जोर चौसष्टावा हिस्सा.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर टेबलावर एक होकायंत्र ठेवा आणि पूर्वेच्या बाजूने एखादा छोटा चकती चुंबक हळूहळू सरकवत आणा. लांब असेपर्यंत सुई ढिम्म. मग ती किंचित थरथरते, थोडी कलते, आणि पुढच्या दोन-चार बोटांत एकदम गर्रकन वळते. सुई उत्तर सोडून बरोबर अर्ध्या काटकोनात आली, की तिथेच थांबा आणि अंतर मोजा. त्या जागी तुमच्या चुंबकाचा जोर पृथ्वीच्या आडव्या जोराइतका झाला. त्यापलीकडे पृथ्वीचंच राज्य. आता हेच अंतर मनात ठेवून कुंडीकडे बघा. चुंबक वर, मुळं खाली पसरलेली. बहुतेक मुळांना त्या चकत्यांची वार्ताही लागत नाही.

## रोपाच्या आत चुंबकाने धरायचं तरी काय?

दोर ओढायला टोक लागतं, तसं चुंबकालाही रोपात काहीतरी धरायला हवं. पहिल्यांदा मनात येतं ते लोह. झाडात लोह असतं, पण लोखंडाच्या किसासारखं सुटं नसतं. ते एकेक अणू करून प्रथिनांमध्ये गुंफलेलं असतं आणि अशा विखुरलेल्या लोहावर चुंबकाची पकड फार दुबळी असते.

काही जिवाणूंच्या शरीरात मात्र खरोखरीचं होकायंत्र सापडलं आहे. अमेरिकी संशोधक रिचर्ड ब्लेकमोर यांनी १९७५ साली चिखलातल्या अशा जिवाणूंचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यांच्या पेशीत चुंबकीय खनिजाच्या कणांची माळच असते आणि तिच्या आधाराने ते दिशा धरून पोहतात. झाडांमध्ये अशी माळ आढळलेली नाही.

मग उरतात त्या दोन-तीन वाटा. वाहत्या द्रवातल्या विद्युतभारित कणांना चुंबक किंचित बाजूला ढकलतो, ही एक. पण झाडातला रस इतका संथ वाहतो, की साध्या चुंबकाने तिथे फारसं काही हलत नाही. बाकीच्या दोन वाटा मात्र मनापासून समजून घ्याव्यात अशा आहेत.

## मुळाच्या टोकातली वाळू

ओल्या टिपकागदावर एक नुकतं रुजलेलं बी ठेवा. पांढरं, दोऱ्यासारखं मूळ बाहेर आलं, की कागद असा फिरवा की मूळ आडवं होईल. काही तासांत त्याचं टोक पुन्हा खाली वळलेलं दिसतं. डोळे नाहीत, मेंदू नाही, तरी खालची दिशा चुकत नाही. ही जाणीव मुळाच्या टोकात असते, हे चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० मध्येच दाखवून दिलं होतं.

त्या टोकातल्या पेशींमध्ये पिष्टमय पदार्थाचे, म्हणजे स्टार्चचे, जड कण असतात. पाण्याच्या बाटलीत तळाशी वाळू बसावी तसे ते पेशीच्या तळाशी बसतात. बाटली आडवी केली की वाळू घरंगळून नव्या तळाशी जाते. मूळ आडवं झालं की कणही तसेच घरंगळतात, आणि वाळूने तळ बदलला म्हणजे खाली कुठे हे मुळाला कळतं.

आता चुंबकाचा संबंध. पाणी, लाकूड, स्टार्च या गोष्टींना चुंबक खेचत नाही, हे आपण जाणतो. पण तो त्यांना अगदी किंचित दूर लोटतो, हे सहसा ठाऊक नसतं. या गुणधर्माला प्रतिचुंबकत्व म्हणतात. १९९७ मध्ये आंद्रे गाइम आणि सहकाऱ्यांनी नेदरलँड्समध्ये सुमारे १६ टेस्लाच्या क्षेत्रात एक जिवंत बेडूक अधांतरी तरंगवला होता. बेडकातल्या पाण्याला चुंबकाने वर लोटलं, इतकंच. (याच गाइम यांना २०१० मध्ये ग्राफीनवरच्या कामासाठी नोबेल मिळालं.)

पेशीतल्या रसापेक्षा स्टार्चचे कण थोडे जास्त लोटले जातात. म्हणजे मुळाच्या टोकाशी चुंबकाचा जोर अगदी थोड्या अंतरात झपकन बदलत असेल, तर ते कण एका बाजूला ढकलता आले पाहिजेत. लंडनच्या एल. जे. ऑडस यांनी १९६० साली हळिवाची मुळं चुंबकामुळे वळल्याची नोंद केली होती. पुढे १९९६ मध्ये कुझनेत्सोव्ह आणि हासेनस्टाइन यांनी हे पद्धतशीर तपासलं. जवसाच्या मुळांत कण सरकले आणि मुळं वळली. त्यांच्या कामातला मला सगळ्यात आवडलेला भाग पुढचा आहे. ॲराबिडॉप्सिस नावाच्या, मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपाची अशी जात त्यांनी घेतली जिच्यात स्टार्च तयारच होत नाही. ती मुळं चुंबकाला बधली नाहीत. वाळू काढून घेतली, परिणाम नाहीसा झाला. कारण आणि परिणाम यांची गाठ घालून द्यावी ती अशी.

पण इथे काय घडलं, तेही नीट बघा. मूळ वळलं. ते जास्त वाढलं नाही. आणि त्यासाठी चुंबकाची खास रचना करावी लागली, जोर मुळाच्या टोकाशीच एकवटेल अशी. कुंडीच्या काठावरच्या चकतीत ती ताकद नाही.

## निळा प्रकाश आणि सांधेवाला

दुसरी वाट जास्त सूक्ष्म आहे. अंधारात उगवलेलं रोप पाहिलंय ना? पिवळट, लांबच लांब, लटलटणारं. उजेडात उगवलेलं रोप मात्र बुटकं आणि हिरवं असतं. उजेड दिसला की खोडाने उगाच लांबत जाणं थांबवायचं असतं. हा निरोप देणाऱ्या प्रथिनांपैकी एक म्हणजे क्रिप्टोक्रोम. ते निळा प्रकाश ओळखतं. त्याचं जनुक १९९३ मध्ये मार्गारेट अहमद आणि अँथनी कॅशमोर यांनी याच ॲराबिडॉप्सिसमध्ये शोधून काढलं.

क्रिप्टोक्रोमवर निळा प्रकाश पडला की त्यातला एक इलेक्ट्रॉन एका जागेवरून दुसरीकडे उडी मारतो. मागे एक एकटा इलेक्ट्रॉन राहतो, पुढे एक एकटा जातो. ताटातूट झालेली ही जोडी फार थोडा वेळ टिकते, सेकंदाचा दहा लाखावा भाग वगैरे. प्रत्येक इलेक्ट्रॉन जणू एक इवलासा चुंबक असतो. दोघांची तोंडं एका दिशेला आहेत की उलट, यावर पुढची रासायनिक क्रिया कोणत्या मार्गाने जाणार ते ठरतं. आणि ही तोंडं कशी वळतील, यावर बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राचा थोडा प्रभाव पडतो.

इथे भौतिकशास्त्र जाणणारा वाचक हरकत घेईल, आणि ती रास्त आहे. पेशीत उष्णतेमुळे रेणूंची सतत धक्काबुक्की चाललेली असते. तिची ऊर्जा, पृथ्वीच्या चुंबकत्वाकडून एका इलेक्ट्रॉनला मिळणाऱ्या ऊर्जेच्या लाखो पटींनी मोठी. त्या गर्दीत चुंबकाचं कोण ऐकणार?

रेल्वेचा सांधेवाला आठवा. तो गाडी ढकलत नाही. गाडी येण्याआधी सांधा बदलतो, आणि हजारो टनांची गाडी आपल्याच वेगाने दुसऱ्या रुळावर जाते. इथे गाडी चालवण्याचं काम प्रकाशाने केलेलं असतं. चुंबकीय क्षेत्र फक्त सांधा थोडा हलवतं, तेही उष्णतेच्या धक्क्यांनी इलेक्ट्रॉनांची तोंडं विस्कटण्याआधीच्या त्या निमिषात. अशा जोडीतून सजीवांना दिशा कळत असावी, ही कल्पना क्लाउस शुल्टेन यांनी १९७८ मध्ये मांडली आणि २००० मध्ये ती क्रिप्टोक्रोमशी जोडली गेली, स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या संदर्भात.

मग झाडांमध्ये हे दिसतं का? २००७ मध्ये अहमद आणि सहकाऱ्यांनी सांगितलं, हो. ५०० मायक्रोटेस्लाच्या क्षेत्रात, म्हणजे पृथ्वीच्या सुमारे दहापट जोरात, निळ्या प्रकाशाखालची रोपं आणखी बुटकी राहिली. हो, बुटकी. चुंबकाने वाढ होते म्हणून ज्या प्रकारच्या संशोधनाचा दाखला दिला जातो, त्यातल्या एका गाजलेल्या प्रयोगात खोडाची वाढ कमी झाली होती. दोन वर्षांनी, २००९ मध्ये, दुसऱ्या एका गटाने तोच प्रयोग फार काळजीपूर्वक पुन्हा केला. त्यांना काहीच फरक आढळला नाही.

२०१२ मध्ये दोन गोष्टी पुढे आल्या. ॲराबिडॉप्सिसचं क्रिप्टोक्रोम वेगळं काढून तपासलं, तेव्हा त्यातली क्रिया चुंबकाने खरंच बदलली, पण त्यासाठी पृथ्वीपेक्षा बराच जास्त जोर लागला. त्याच वर्षी चीनमधल्या संशोधकांनी उलट बाजूने प्रयोग केला. तारांच्या वेटोळ्यांत वीज सोडून त्यांनी पृथ्वीचं क्षेत्र जवळजवळ पुसून टाकलं. त्या शून्यवत क्षेत्रात ॲराबिडॉप्सिसला फुलं उशिरा आली.

म्हणजे सुटं काढलेलं प्रथिन चुंबकाला दाद देतं, हे पक्कं. अख्ख्या रोपात ते कितपत उतरतं, यावर वाद आहे.

## मग बियाण्यांवरचे प्रयोग?

चुंबकशेतीच्या बाजूने सगळ्यात जास्त दाखले इथूनच येतात, आणि ते झटकून टाकण्यासारखे नाहीत. सव्होस्तिन यांनी १९३० मध्ये गव्हाच्या रोपांवर परिणाम नोंदवला होता. कॅनडात पिटमन यांनी १९६० च्या दशकात पेरणीआधी बियाणं चुंबकात ठेवून पाहिलं. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतून २००८ मध्ये हरभऱ्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बियाणं २५० मिलिटेस्लापर्यंतच्या स्थिर क्षेत्रात १ ते ४ तास ठेवलं होतं, आणि उगवण व रोपांची सुरुवातीची वाढ सुधारलेली दिसली. कोरडं बी, ठरावीक जोर, ठरावीक वेळ, मग पेरणी. कुंडीत चुंबक पुरून ठेवण्याशी याचा काही संबंध नाही, हे पहिल्यांदा लक्षात घ्यावं.

या प्रयोगांतले परिणाम चुंबकामुळेच होते, असं मानलं तरी दोन गोष्टी मला खटकतात. एक, बियाण्यात नेमकं काय बदलतं याचं सर्वमान्य उत्तर नाही. पेशीचं आवरण, आत शिरणारं पाणी, अंकुरणाच्या वेळी काम करणारी विकरं (एन्झाइम), अशी बरीच नावं घेतली जातात. पण स्टार्च नसलेल्या मुळांसारखा निर्णायक पुरावा इथे नाही. दुसरी गोष्ट शेतातली. बी एक दिवस आधी उगवणं आणि पीक जास्त येणं यांत संपूर्ण हंगाम उभा असतो. पाणी, नत्र, ऊन, कीड यांतली एखादी गोष्ट बिघडली, की त्या एका दिवसाची आघाडी कुठल्या कुठे जाते.

## एवढे अभ्यास चुकीचे कसे असतील?

चुकीचे म्हणायची गरज नाही. फसायला मात्र फार जागा आहेत. तारेच्या वेटोळ्यात वीज सोडून चुंबकीय क्षेत्र तयार करतात, तेव्हा तार तापते. शेजारचं बी एखाद-दुसऱ्या अंशाने उबदार राहतं, आणि उबेत बी लवकर उगवतं. श्रेय चुंबकाला, काम उबेचं.

यावर एक सुरेख तोड आहे. वेटोळं दोन तारांचं करायचं. दोन्हींत वीज एकाच दिशेने सोडली तर क्षेत्र तयार होतं. एकीत उलट सोडली तर दोघींचं क्षेत्र एकमेकांना खोडतं, पण ऊब तितकीच राहते. मग चुंबक असलेला आणि नसलेला डबा यांत फरक उरतो तो फक्त चुंबकाचा. असा एखादा अभ्यास हाती आला, तर दुसऱ्या डब्याची सोय कशी केली होती ते मी आधी बघते. ते नीट सांगितलेलं नसेल, तर आकडे कितीही देखणे असोत, माझा भरवसा बसत नाही.

## चुंबकातून सोडलेलं पाणी, तांब्याची तार

पाणी चुंबकातून सोडून झाडाला घातलं की ते जास्त गुणकारी ठरतं, असाही एक दावा असतो. पण पाण्याला चुंबकाची सवय लावता येत नाही. पाण्याचे रेणू एकमेकांचा हात धरतात आणि सोडतात, तेही सेकंदाच्या लाखो कोटीव्या भागात. नळातून कुंडीत पोचेपर्यंत कसलीच रचना शिल्लक राहत नाही. क्षारयुक्त पाण्यात चुन्याचे स्फटिक कसे जमतात, यावर चुंबकाचा परिणाम झाल्याचे काही प्रयोग आहेत. तेव्हा कुठे फरक दिसलाच, तर तो त्या पाण्यातल्या क्षारांत शोधावा.

तांब्याला तर चुंबक चिकटतही नाही. वेटोळ्यातून वीज वाहिली तर क्षेत्र तयार होतं. नुसती मातीत रोवलेली तार ही नुसती तार असते. हवेतली वीज खेचून झाडाला देण्याची कल्पनाही नवी नाही. फ्रान्समध्ये बेर्तोलों यांनी १७८३ मध्ये त्यावर लिहिलं होतं. ब्रिटनमध्ये सरकारने १९१८ मध्ये खास समिती नेमली आणि शेतांवर प्रत्यक्ष तारा ताणून वर्षानुवर्षं प्रयोग केले. कधी पीक वाढलं, कधी नाही. भरवसा ठेवावा असं काही हाती न लागल्याने १९३० च्या दशकात ते काम आवरतं घेतलं गेलं.

## सौर वादळाने पिकं बिघडतात का?

मे २०२४ मध्ये मोठं सौर वादळ आलं, तेव्हा हा प्रश्न अनेकांच्या मनात आला. त्या वादळात पृथ्वीचं क्षेत्र जगभरात सरासरी सुमारे ०.४ मायक्रोटेस्लाने ढळलं. ध्रुवांजवळचा भाग सोडला तर हे एकूण जोराच्या जेमतेम एक टक्का. झाडांना त्याची जाणीव व्हावी असं काही नाही. शेतीला फटका बसला तो वेगळ्याच बाजूने. ऐन पेरणीत अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या ट्रॅक्टरांची उपग्रहावरून चालणारी दिशादर्शक यंत्रणा बिघडली आणि पेरणी खोळंबली.

## चंद्रावरचं रोप

मग या संशोधनाचा उपयोग काय, तर तो मला कुंडीत कमी आणि आकाशात जास्त दिसतो. चंद्राला आणि मंगळाला पृथ्वीसारखं सर्वव्यापी चुंबकीय क्षेत्र नाही. जानेवारी २०१९ मध्ये चीनच्या छांग-अ ४ यानात, चंद्रावरच्या बंद डब्यात, कापसाचं बी रुजलं आणि थोड्याच दिवसांत चंद्रावरच्या रात्रीच्या थंडीने गेलं. उद्या तिथे माणसं राहणार असतील तर पिकंही घ्यावी लागतील. शून्यवत क्षेत्रात फुलं लांबत असतील, तर किती लांबतात हे निघण्यापूर्वी कळलेलं बरं.

घाबरायचं मात्र कारण नाही. पृथ्वीच्या चुंबकाचे ध्रुव इतिहासात अनेकदा उलटले, शेवटचे पूर्णपणे सुमारे ७,८०,००० वर्षांपूर्वी. उलटताना क्षेत्र बरंच क्षीण होतं. झाडं त्यातून तरली.

## घरी करून बघायचं असेल तर

जरूर बघा, पण असं. एकसारख्या दहा बशा, प्रत्येकीत टिपकागद, तितकंच पाणी आणि वीस-वीस बिया. पाच बशांखाली चकती चुंबक आणि पाच बशांखाली त्याच आकाराची, चुंबकत्व नसलेली लोखंडी चकती, दोन्ही एकसारख्या कागदात गुंडाळलेल्या. कोणत्या बशीखाली काय, हे दुसऱ्या कुणीतरी चिठ्ठीवर लिहून ठेवायचं, तुम्हाला सांगायचं नाही. बशा वीतभर अंतरावर मांडायच्या आणि रोज जागा बदलायच्या, म्हणजे खिडकीजवळच्या बशीला जास्त ऊब मिळाली असं होणार नाही. पाचव्या दिवशी प्रत्येक मूळ सरळ करून पट्टीवर धरायचं आणि मिलिमीटर लिहून काढायचे, वाकडं मूळ किंवा न रुजलेलं बी न वगळता. चिठ्ठी त्यानंतर उघडायची, आणि फरक दिसला तर नव्या बिया घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं.